ती नुसती हसतमुख नाही

कोकणातल्या ज्या घरातला एक तरी माणूस कुवेत, दुबई किंवा सौदीला आहे, त्या घराला फिलिपिनो बाई ऐकून तरी माहीत असतेच. कोणाला इंजेक्शन देणारी नर्स फिलिपिनो होती, कोणाच्या कंपनीत रिसेप्शनवर फिलिपिनो मुलगी बसते, कोणाच्या कफीलच्या घरी मुले सांभाळणारी खद्दामा फिलिपिनो आहे. सुट्टीवर आलेले चाचा पडवीत बसून तिच्याविषयी सांगतात तेव्हा दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, ती फार कामसू आणि हसतमुख असते. दुसरी गोष्ट ते आवाज खाली करून सांगतात आणि ती बहुधा ऐकीव असते.

ती दुसरी गोष्ट आम्ही इथेच सोडून देतो. कोणत्याही परक्या बाईच्या चारित्र्याविषयी ऐकीव बोलण्याबद्दल कुरआनने काय ताकीद दिली आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. आमची तक्रार पहिल्या गोष्टीविषयी आहे. ‘हसतमुख’ हे कौतुक आहे खरे, पण ते मालकाच्या तोंडचे कौतुक आहे. जिला नोकरी टिकवायची आहे ती हसणारच. त्या हसण्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचे भांडण आहे आणि ते भांडण या बायांनी बऱ्याचदा जिंकले आहे, हे मात्र आपल्या पडवीतल्या गप्पांत कधी येत नाही.

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तीनशेहून जास्त वर्षे स्पेनचे राज्य, १८९८ पासून अमेरिकेचे, मध्ये जपान्यांचा ताबा, आणि १९४६ मध्ये स्वातंत्र्य. बहुसंख्य लोक कॅथलिक ख्रिस्ती. मुसलमान शंभरात सहाच्या आसपास, बहुतेक दक्षिणेकडच्या मिंदानाव आणि सुलू भागातले. त्यांच्याकडे इस्लाम स्पॅनिश लोकांच्या आधीच व्यापारी आणि सूफी-संतांबरोबर पोहोचला होता. स्पॅनिश लोक स्वतःच्या देशात मुसलमानांना ‘मोरो’ म्हणत, तेच नाव त्यांनी इथेही चिकटवले. एकेकाळी ती शिवी होती. आज हे लोक स्वतःला अभिमानाने बांगसामोरो, म्हणजे मोरो कौम, म्हणवतात.

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला या देशाच्या इतिहासातली एक तारीख फार आवडावी अशी आहे: १२ डिसेंबर १८८८. मनिलापासून जवळच्या मालोलोस गावात स्पॅनिश गव्हर्नर जनरल आला होता. त्याच्या हातात वीस तरुण मुलींनी एक अर्ज दिला. मागणी एवढीच, की आम्हाला स्पॅनिश भाषा शिकायला रात्रशाळा काढू द्या. यात एवढे काय, असे वाटेल. पण राज्याचे सगळे कागद, कोर्ट, कायदे त्या भाषेत होते आणि गावातल्या लोकांना, त्यातही बायांना, ती येऊ नये यातच पाद्र्यांची सोय होती. गावच्या पाद्र्याने विरोध केला. मुलींनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी परवानगी मिळाली ती अटी घालून: खर्च तुमचा तुम्ही करा, शिकवायला बाईच हवी, आणि वर्ग रात्री नाही, दिवसा. मुलींनी त्या अटींवर शाळा चालवली. ती काही महिनेच चालली, पण तेव्हा युरोपात असलेल्या होसे रिझालने, ज्याला आज फिलिपिन्स राष्ट्रपुरुष मानते, या मुलींचे अभिनंदन करणारे लांबलचक पत्र १८८९ मध्ये त्यांच्याच तागालोग भाषेत लिहिले.

मतदानाच्या हक्काचेही तसेच. १९३० च्या दशकात पुरुष पुढाऱ्यांनी म्हटले, बायांना मत हवे आहे हे आधी बायांनीच सिद्ध करावे. निदान तीन लाख बाया जनमत चाचणीत ‘हो’ म्हणाल्या तरच हक्क देऊ. पुरुषांना कोणी अशी परीक्षा द्यायला लावली नव्हती. ३० एप्रिल १९३७ ला मतदान झाले आणि ४,४७,७२५ बायांनी ‘हो’ म्हटले.

आता आखाताकडे येऊ. या बाया घर सोडून निघाल्या का? १९७४ मध्ये मार्कोस यांच्या सरकारने नवा कामगार कायदा केला आणि परदेशात माणसे पाठवणे हे सरकारी धोरण झाले. देशात नोकऱ्या नव्हत्या, कर्ज वाढत होते, आखातात तेलाचा पैसा आला होता. आधी पुरुष गेले, बांधकामावर आणि जहाजांवर. मग घरकाम, दवाखाने, हॉटेले यांत बायांची मागणी वाढली आणि आज परदेशी कामाला असलेल्या फिलिपिनो माणसांत निम्म्याहून अधिक बाया आहेत. बाहेर असलेली माणसे बँकांमार्फत वर्षाला तीस अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवतात. त्यावर घरे बांधली जातात, भावंडांच्या फिया भरल्या जातात, आजारपणे निघतात. आमच्या वाचकांना हे हिशोब समजावून सांगायला नकोत. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांचे चिरेबंदी बंगले याच हिशोबाने उभे आहेत.

आणि ती खोकी! दोऱ्यांनी बांधलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली, वर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली खोकी आपल्याकडे विमानतळावरून येतात. फिलिपिन्समध्ये त्यांना नावच आहे, ‘बालिकबायान’ बॉक्स. बालिक म्हणजे परतणे, बायान म्हणजे आपला मुलूख. बाई महिनोन्महिने एकेक वस्तू त्यात टाकत जाते. साबण, डबाबंद मांस, चॉकलेट, बूट, टॉवेल. बुटाचा नंबर ती फोनवर विचारून घेते, कारण मागच्या वेळी पाहिलेला पाय आता केवढा झाला असेल याचा तिला अंदाज नसतो.

इथे आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि आम्हाला तो सगळ्यात जास्त टोचतो. आपल्याकडे परदेशी जातो तो बहुधा बाप. आमच्या वर्गात प्रगतिपुस्तकावर सही करायला आई येते, कारण अब्बा मस्कतला. मुलाला अब्बाची सवय फोनच्या पडद्यावरची असते, पण ताप आला तर उशाशी आई असते. फिलिपिन्समध्ये लाखो घरांतून आईच उठून गेलेली आहे. मूल आजीकडे, मावशीकडे, नाहीतर थोरल्या बहिणीकडे. थोरल्या बहिणीला त्यांच्याकडे ‘आते’ म्हणतात. आपल्या कानाला ते आत्यासारखे लागते, आणि काम पाहिले तर आत्या, खाला, अम्मी सगळेच त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला व्हावे लागते. तिची आई त्याच वेळी कुवेतमध्ये दुसऱ्या कोणाच्या बाळाला भरवत असते, त्याला झोपवत असते आणि त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ऐकत असते. पगार मिळतो तो याच मायेचा. आपल्याकडे कोणी असे बोलून दाखवते, की ‘कसली आई, मूल टाकून गेली.’ बाप गेला तर आपण ‘बिचारा घरासाठी खपतो’ म्हणतो. एकाच कामाला दोन मापे कशी?

नर्सेसची गोष्ट थोडी वेगळी, पण थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अमेरिकी राज्यात तिथे नर्सिंगच्या शाळा निघाल्या, त्यांतली पहिली १९०६ मध्ये इलोइलो शहरात, आणि शिक्षण इंग्रजीत असल्याने पुढे या मुलींना जगभर दारे उघडी झाली. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो शंभरात चार. पण कोविडमध्ये प्राण गेलेल्या नर्सेसमध्ये त्या जवळजवळ एक तृतीयांश होत्या, अशी मोजणी तिथल्या नर्सेसच्या संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये मांडली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात त्या देशातली चाचण्यांबाहेरची पहिली कोविड लस टोचली गेली, ती टोचणारी मे पार्सन्स ही नर्सही फिलिपिन्समधून आलेली.

१९८८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार बायांसमोर त्यांना ‘बागोंग बायानी’, म्हणजे नवे वीर, म्हटले. अकिनो स्वतः सोसलेल्या. १९८३ मध्ये पती विमानतळावर मारले गेले, आणि १९८६ मध्ये मनिलाच्या रस्त्यावर रणगाड्यांपुढे बसलेल्या लोकांच्या जोरावर, ज्यांत जोगिणी आणि घरबायकाही होत्या, त्या सत्तेवर आल्या. त्यांच्या मनात आदरच असणार. पण ‘वीर’ हा शब्द या बायांच्या संघटनांना पुढे खुपू लागला, आणि आम्हाला त्यांचे पटते. वीर म्हटले की त्याने त्याग करायचा असतो. वीर सुट्टी मागत नाही, थकलेला पगार मागत नाही. सरकारने फुले द्यावीत आणि वकील देऊ नये, अशी ती सोय होते.

वकील मिळाला तो १९९५ नंतर, आणि त्याची किंमत दोन बायांनी मोजली.

पहिली फ्लोर काँतेम्प्लासिओन. सिंगापूरमध्ये घरकाम करणारी, चार मुलांची आई. एका फिलिपिनो मोलकरणीच्या आणि एका लहान मुलाच्या खुनाबद्दल तिला १७ मार्च १९९५ रोजी फाशी दिली गेली. ती निर्दोष होती असे फिलिपिन्समधल्या असंख्य लोकांनी मानले. खरे काय ते अल्लाहच जाणे. पण आपल्या वकिलातीने तिच्यासाठी वेळेवर धावाधाव केली नाही हे लोकांना दिसले आणि सगळा देश रस्त्यावर उतरला. परराष्ट्रमंत्र्यांना जावे लागले.

दुसरी सारा बालाबागान. ती मुसलमान, मिंदानावातल्या मागिंदानाव भागातली. घर गरीब, मुलूख अनेक वर्षांच्या लढाईने पोखरलेला. पंधराच्या आसपासच्या या मुलीच्या पासपोर्टवर वय बरेच वाढवून लिहिले गेले आणि ती संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनमध्ये कामाला लागली. १९९४ मध्ये मालक तिच्या हातून मारला गेला. त्याने आपल्यावर बलात्कार केला आणि आपण स्वतःला वाचवत होतो, असे तिने सांगितले. पहिल्या कोर्टाने तिला सात वर्षांची कैद आणि दियत ठोठावली, पण तिच्यावर अत्याचार झाला हेही मान्य करून तिला भरपाई देण्याचा हुकूम केला. खटला पुन्हा चालला तेव्हा दुसऱ्या कोर्टाने मृत्युदंड दिला. जगभर ओरड झाली. अमिरातीचे अध्यक्ष शेख झायेद यांनी मृताच्या घरच्यांना गळ घातली, त्यांनी दियत घेऊन मृत्युदंडाची मागणी सोडली, आणि शिक्षा एक वर्ष कैद आणि शंभर फटके अशी झाली. १९९६ मध्ये ती मायदेशी परतली.

ही दुसरी कहाणी आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली. आखातातल्या खद्दामांवरच्या अत्याचाराची बातमी आली की आपल्यातले काही लोक म्हणतात, हे इस्लामला बदनाम करण्यासाठी चालले आहे. मार खाणारी मुलगीच कलमा पढणारी असेल तर काय म्हणणार? कफीलने पासपोर्ट कपाटात ठेवला की आत कोंडलेली बाई ख्रिस्ती आहे की मुसलमान, हे कुलूप बघत नाही. आपल्या भावांचे पासपोर्टही त्याच कपाटात होते. फरक इतकाच की ते संध्याकाळी आपल्या खोलीवर परतत, खद्दामा मात्र मालकाच्याच घरात झोपते.

फ्लोरच्या फाशीनंतर तीन महिन्यांच्या आत, जून १९९५ मध्ये, फिलिपिन्सने परदेशी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कायदेशीर मदतीसाठी निधी आला, आणि जिथे आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत त्या देशांतल्या वकिलातींत दिवसरात्र उघडे मदतकेंद्र ठेवण्याची सक्ती आली. पळून आलेल्या बायांना आज तिथे आसरा मिळतो तो या कायद्यामुळे. २००६ मध्ये घरकामगार बाईसाठी महिना निदान ४०० डॉलर पगाराची अट घातली गेली आणि तिच्याकडून एजंटने भरतीची फी घ्यायची नाही असे ठरले. २०२१ च्या अखेरीस स्वतंत्र मंत्रालयच झाले. आपल्या सरकारने ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय किमान तीस हवे अशी अट ठेवली आहे. हेतू संरक्षणाचा आहे, पण गरजू बाई थांबत नाही, ती एजंटाच्या भिजिट व्हिसावर जाते आणि मग तिचे नाव कोणत्याच वहीत नसते.

कायदे झाले म्हणजे दुःख संपले असे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुवेतमधल्या एका बंद फ्लॅटच्या फ्रीझरमध्ये एका फिलिपिनो मोलकरणीचा मृतदेह सापडला. ती वर्षभराहून जास्त काळ बेपत्ता होती. फिलिपिन्सने कुवेतला माणसे पाठवणे बंद केले, आणि त्या वर्षी मे महिन्यात करार झाला. करारातली कलमे वाचली की डोळ्यांत पाणी येते, इतकी ती साधी आहेत: बाईला तिचा फोन तिच्याजवळ ठेवू द्यावा, पासपोर्ट मालकाने ठेवू नये, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी. २०१५ च्या कुवेतच्या स्वतःच्या कायद्यात बारा तासांहून जास्त काम नको, आठवड्याची सुट्टी, वर्षाची भरपगारी रजा हे सगळे आधीच लिहिलेले होते. आणि तरीही जानेवारी २०२३ मध्ये वाळवंटात आणखी एका फिलिपिनो बाईचा जळालेला मृतदेह मिळाला. दोषी ठरला तो तिच्या मालकाचाच अल्पवयीन मुलगा.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सेवकांना तुमचे भाऊ म्हटले. आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो ते नेसवावे, झेपणार नाही असे काम सांगू नये आणि सांगितलेच तर स्वतः हात लावावा, अशी शिकवण दिली. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (सल्ल.) सेवा केली आणि त्या काळात त्यांना एकदाही ‘उफ्’ ऐकावे लागले नाही. या हदीसा आखातातल्या प्रत्येक मशिदीत वाचल्या जातात. अशी घरेही तिथे आहेत जिथे खद्दामाला दस्तरख्वानावर जागा असते आणि तिच्या मुलाच्या फीची चौकशी होते. त्यांचे नाव घेतले नाही तर अन्याय होईल. पण फोन, पासपोर्ट आणि सुट्टी हे चांगल्या मालकाच्या मनावर सोडण्याचे विषय नाहीत.

आपल्याकडे आणखी एक कथा आवडीने सांगितली जाते, आखातात जाऊन इस्लाम स्वीकारलेल्या फिलिपिनो बायांची. त्या स्वतःला ‘बालिक इस्लाम’ म्हणवतात, म्हणजे इस्लामकडे परतलेल्या. खोक्यातलाच ‘बालिक’. कितीजणींनी चांगली वागणूक पाहून, मनापासून हा मार्ग धरला, माशाअल्लाह. मात्र ही कथा सांगणाऱ्याला आम्ही एकदा विचारले, तिचा पगार वेळेवर होत होता का? त्याला माहीत नव्हते.

घरी परतून या बाया गप्प बसल्या नाहीत, हा भाग आम्हाला सर्वांत कौतुकाचा वाटतो. परदेशात आपल्याला जे मिळत नाही ते आपल्या देशात दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या पोरीला तरी मिळते का, असे त्यांनी विचारायला सुरुवात केली. घरकामगारांसाठी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला, क्रमांक १८९. तो लागू व्हायला दोन देशांची मंजुरी हवी होती. पहिला उरुग्वे, दुसरा फिलिपिन्स. जानेवारी २०१३ मध्ये तिथे देशातल्या घरकामगारांसाठीही कायदा आला. त्यात मोलकरणीला ‘कासाम्बाहाय’ म्हटले आहे, म्हणजे घरातली सोबतीण. तिला समजेल अशा भाषेत लेखी करार, रोज आठ तासांची विश्रांती, आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी, वर्षाला तेराव्या महिन्याचा पगार, आणि महिनाभर काम झाले की आरोग्य आणि निवृत्तीचा विमा. तोडले जातात हे नियम, खूप तोडले जातात. पण भांडायला कागद आहे. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले आणि मंजुरी आजवर दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तो मुख्यतः नोंदणीचा आणि कल्याण योजनांचा.

ही संघटनेची सवय कुठून आली हे पाहायचे तर हाँगकाँगचा रविवार पाहावा. तिथे घरकामगार बाईला आठवड्याची सुट्टी कायद्याने आहे आणि मालकाच्याच घरी राहण्याची सक्तीही आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जायला जागा नाही. म्हणून हजारो फिलिपिनो बाया शहराच्या अगदी मध्यावर, बँकांच्या उंच इमारतींखाली, पुलांवर, पुठ्ठे अंथरून बसतात. डबे उघडतात, केस विंचरतात, घरी पाठवायची खोकी भरतात. कोणी अर्जावर सह्या गोळा करते, कोणी नव्या आलेल्या मुलीला करारातले कलम समजावते. आठवडाभर चार भिंतींत एकटी असलेली बाई तिथे एक दिवस संख्येने दिसते. आखातात तशी सभा भरवता येत नाही. तिथे फोनवरचे ग्रुपच पुठ्ठ्याचे काम करतात, म्हणून तर फोन जवळ ठेवण्याचे कलम एवढे मोलाचे.

साराच्या मागिंदानावाकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण तिथल्या आपल्या दीनी बहिणींची लढाई दुहेरी आहे. १९७० च्या आसपास सुरू झालेल्या मोरो युद्धात लाखाहून अधिक माणसे गेल्याचे सांगतात. १९७४ मध्ये सुलूतले जोलो शहर जळाले. २०१७ मध्ये मरावी हे मुस्लिम शहर पाच महिने वेढ्यात होते. साडेतीन लाखांहून जास्त लोक विस्थापित झाले, शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला. तंबूत चूल मांडली ती बायांनी आणि राशनच्या रांगेत उभ्या राहिल्या त्याही बायाच.

याच मुलखाने शिकलेल्या, बोलक्या मुस्लिम स्त्रियाही दिल्या. सुलूच्या राजघराण्यातली तारहाता किराम १९१९ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात शिकायला पाठवली गेली. अमेरिकनांना वाटले, ही आपली होऊन परत येईल. ती परतली, मोरो वेषात राहिली, दातू ताहिलशी निकाह केला आणि १९२७ च्या अमेरिकेविरुद्धच्या उठावात नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. सांतानिना रसूल १९८७ मध्ये सिनेटवर निवडून आल्या, तिथल्या पहिल्या मुस्लिम महिला सिनेटर. प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याची मोहीम त्यांनी चालवली, आणि बायांना करार, कर्ज आणि लष्करी अकादमी यांची दारे समान उघडणारा १९९२ चा कायदा त्यांच्या नावावर आहे.

एक विलक्षण गोष्ट आहे. फिलिपिन्समध्ये ख्रिस्ती बाईला आजही तलाक मिळत नाही. संसद त्यावर वर्षानुवर्षे भांडते आहे. मुसलमान बाईला मात्र १९७७ च्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने खुला आणि फस्खचा हक्क आहे, शरीअत कोर्टे सरकारी आहेत, आणि एका तुहरमध्ये नवरा कितीही वेळा तलाक म्हणाला तरी तो एकच मोजायचा, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. १९७७ मध्ये! आपल्याकडे या एका वाक्यासाठी किती बायांची आयुष्ये कोर्टात गेली ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्याने मुलीचे लग्नाचे वय फार खाली ठेवले होते. ‘निसा उल हक्क फी बांगसामोरो’ नावाची मुस्लिम स्त्रियांची संघटना कुरआन आणि फिक्हचाच आधार घेऊन बालविवाहाविरुद्ध अनेक वर्षे बोलत राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये अठराखालचे लग्न देशभर गुन्हा ठरले. बांगसामोरोतल्या काही पुढाऱ्यांनी विरोध केला, मुसलमानांसाठी एक वर्षाची सवलत दिली गेली, ती संपली.

आणि सुलह झाली तीही बायांच्या हाताने. २७ मार्च २०१४ ला मोरो आघाडीबरोबरच्या अंतिम करारावर सरकारच्या वतीने मुख्य वाटाघाटीकार म्हणून सही केली ती मिरियम कोरोनेल-फेरेर यांनी. बंडखोरांशी झालेल्या अंतिम शांतताकरारावर अशा पदावरून सही करणारी स्त्री जगात आधी झाली नव्हती. समोरच्या बाजूने कायद्याचे काम पाहणाऱ्यांत रायसा जाजुरी ही मोरो वकील होती. पुढे ती नव्या स्वायत्त प्रदेशाची समाजसेवा मंत्री झाली. २०१९ मध्ये सार्वमत झाले आणि बांगसामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. तिथल्या संसदेत ८० जागा. त्यांत समाजघटकांसाठी काही राखीव आहेत: स्त्रियांसाठी एक, आणि उलमांसाठीही एक.